आत्याच्या पावलांचं माप

आमच्या घराण्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवतात. गोसाव्यांची रीत आहे ती. खड्ड्यात मांडी घालून बसवायचं, भस्म लावायचं, बेलाची पानं अन् मीठ टाकायचं, वरून माती ओढायची. वर्ष झालं की त्यावर दगडाची समाधी बांधायची. लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले तेव्हा शेजारच्या बाईनं हे ऐकून डोळेच पांढरे केले. म्हणाली, "बापा! बसूनच?" मी म्हटलं, "मंग का? जनमभर उभं राहून कामं केली, आता तरी बसू द्या ना मानसाले!" त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा जपूनच बोलते.

आमची समाध्यांची जागा सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागा ओलांडून गेल्यावर आहे. एका टोकाला महादेवाचं ठेंगणं देऊळ, दुसऱ्या टोकाला लोखंडी फाटक, अन् मधे आमचे सगळे लोक बसलेले. मी लहानपणापासून तिथं जाते, पण आजही फाटक उघडलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. घरी मी कोणाचं ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तिथं मात्र मी गुमान चालते.

त्या दगडांवर अक्षर नाही. नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही. आमच्या जुन्या लोकांना लिहिता येत नव्हतं म्हणा, की लिहायची गरज वाटली नाही म्हणा. पण प्रत्येक दगड बोलतो. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या समाधीवर पिंड अन् नंदी. ज्यानं दारोदार शंख फुंकला त्याच्या दगडावर शंख. माझ्या आजोबांच्या दगडावर बैलजोडी आहे, अन् त्यातल्या एका बैलाचं शिंग मोडकं कोरलंय, कारण आजोबांच्या बैलाचं खरंच मोडकं होतं. वर सूर्य अन् चंद्र सगळ्यांनाच. ते आहेत तोवर हा माणूस आपला, एवढाच त्याचा अर्थ. एक काका नागपूरच्या रस्त्यावर बस चालवायचे, त्यांच्या समाधीवर सिमेंटचं स्टेअरिंग आहे. पाहुणे हसतात. मला नाही हसू येत. दोनशे वर्षांनी कोणी ते पाहील अन् म्हणेल, हा माणूस काहीतरी गोल धरून लांबवर जात होता. खोटं काय आहे त्यात?

अन् सगळ्यांच्या समाधीवर पावलं. हे आमचं खास. बोटं महादेवाकडं, टाचा फाटकाकडं. म्हणजे माणूस आत आला अन् बसला. घरात आलेल्या सुनांच्या पावलांना जोडवी कोरतात. ती पावलं कोणाचीही काढलेली नसतात, ज्याची त्याचीच असतात, कारण माप जिवंतपणीच घेतात. अक्षयतृतीयेला पितरांची घागर भरून झाली, जेवणं झाली, की घरातले म्हातारे लोक पाय धुऊन अंगणात येतात. कर्ता पुरुष संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा फाडून जमिनीवर ठेवतो, म्हातारा त्यावर उभा राहतो, अन् कोळशानं पायाभोवती रेघ ओढली जाते. तो पुठ्ठा मग माळ्यावर जपून ठेवायचा. बाहेरच्यांना हे ऐकून कसंसंच होतं. आमच्याकडं त्या वेळी हसणं-खिदळणं चाललेलं असतं. ज्याचं माप घेतलं त्याची जागा पक्की झाली, आता काळजी मिटली, असा त्याचा आनंद.

दोन वर्षांपूर्वीच्या अक्षयतृतीयेला आमची आत्याही पाय धुऊन आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लोधीखेड्याकडं दिली होती. लग्न होऊन पुरतं वर्ष झालं नसेल, नवरा तापात गेला, अन् सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून आणून सोडलं. गाडी दारातूनच वळली, थांबलीही नाही म्हणतात. तेव्हापासून ती इथंच. कापूस वेचला, संत्री निवडली, घरातली सगळी पोरं अंगावर खेळवली. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो अन् जो आता घरचा कर्ता आहे, त्याची आई तो रांगत असतानाच गेली. त्याला तर आत्यानंच वाढवलं. आजही तो जेवायला बसला की पहिली भाकरी आत्याच वाढते, दुसऱ्या कोणाची त्याला चालत नाही.

तर त्या दिवशी आत्यानं टाचा दगडानं घासल्या होत्या. पांढरं लुगडं नेसली होती. रांगेत सगळ्यात शेवटी येऊन उभी राहिली, लहान पोरीसारखी, हात पोटाशी धरून. दादानं एका काकांचं माप घेतलं, एका काकूचं घेतलं. मग मान वर केली, आत्याला पाहिलं, अन् उरलेला पुठ्ठा गुंडाळून उभा राहिला. आत्याच्या पायांवरचं पाणी अजून सुकलं नव्हतं.

मी भांडले. गप्प बसणारी आहे का मी? दादाला स्वयंपाकघरात नेऊन असं भांडले की शेजारची माणसं कुंपणाशी आली. दादा खाली मान घालून म्हणाला, "बाई, हा नेम म्या बनवला का? लगन करून देल्ली लेक आपल्या जागेत बसत नाई. तुले मालूम हाये."

"मंग कुठं बसन ते? तिच्या सासरच्याईनं त्यायची जागा कवाच इकली. तिथं आता संत्र्याचं गोदाम हाये. पेट्याईत बसवतं का तिले?"

"अग्नी देऊ. सारा गाव देते."

दारात आत्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती दादाला म्हणाली, "मले आगीचं भेव वाटते रे बाबू." एवढंच. अन् चुलीकडं वळली. दादा त्या दिवशी जेवला नाही. आत्यानं भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली.

मला दादाचा राग आला होता अन् कीवही येत होती. तो वाईट माणूस नाही. पण नेम मोडायची हिंमत त्याच्यात नव्हती, अन् खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती ती बडे बाबांची.

बडे बाबा म्हणजे आमचा मूळ पुरुष. जागेच्या बरोबर मधोमध त्यांची समाधी, सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी. बाकीच्या समाध्या तिच्याभोवती. ते कुठून आले, कधी आले, कोणालाच माहीत नाही, पण कडक होते हे सगळ्यांना माहीत! बडे बाबांना हे चालत नाही, बडे बाबांना ते चालत नाही. दर वर्षी त्यांना चुन्याचा हात मारायचा, शेंदूर लावायचा, वरच्या गोळ्याला पांढरा फेटा बांधायचा अन् चिलीम पेटवून समोर ठेवायची. सुना-लेकींनी त्यांच्यासमोरून जाताना पदर नाकापर्यंत ओढायचा. बायकांनी ओट्यावर पाय ठेवायचा नाही. लहानपणी मी एकदा चढले होते तर काकांनी कान असा पिरगाळला की आठवण अजून ताजी आहे. इतक्या वर्षांच्या चुन्यानं तो दगड फुगून रांजण झाला होता. खाली काय आहे कोणी पाहिलं नव्हतं, कोणाला पाहावंसंही वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी, अक्षयतृतीया जवळ आली तेव्हा, दादाच्या डोक्यात टाईल्स आल्या. घराच्या न्हाणीला लावलेल्या थोड्या उरल्या होत्या, गुलाबी, कोपऱ्यात फूल असलेल्या. दर वर्षी चुना मारण्यापेक्षा बाबांना एकदाच टाईल्स लावून टाकू म्हणाला. मी फोनवर म्हटलं, "अगा, मूळ पुरुषाची न्हाणी करतं का?" पण तो हट्टाला पेटला होता. मला वाटतं, आत्याच्या बाबतीत जे झालं ते त्याला आतून खात होतं, अन् बाबांसाठी काहीतरी मोठं केलं की बरं वाटेल असं त्याला वाटत असावं. मी सकाळची बस धरून गेले. काम बघायला नाही, भांडायला.

पोचले तर मिस्त्री फाटकाशी बिडी ओढत बसलेला. चुन्यावर टाईल्स धरणार नाहीत, आधी चुना काढा, एवढं सांगून तो मोकळा झाला होता. अन् बाबांच्या अंगाला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही म्हणून दादा स्वतःच ओट्यावर चढून छिन्नीनं चुना काढत होता. आत्या डब्यात चहा अन् तांब्यात पाणी घेऊन आली होती. आम्ही दोघी ओट्याखाली उभ्या, नेमाप्रमाणं.

चुन्याच्या खपल्या निघत होत्या, भाकरीएवढ्या जाड. मी एक उचलून पाहिली. कडेला थर दिसत होते, एकावर एक. पांढरा, निळा, पिवळा, मधेच एक फिक्कट गुलाबी. ज्या वर्षी घराला जो रंग दिला, त्यातला उरलेला बाबांना. निळा पाहून मला ते वर्ष आठवलं, माझ्या लग्नाचं. सगळं घर निळं केलं होतं. माझ्या लग्नाचं वर्ष माझ्या हातात पातळ पापुद्र्याएवढं होतं, अन् त्याखाली किती पापुद्रे, मोजता येईनात. किती लोक येऊन, हात मारून, निघून गेले होते!

आधी वरचा गोळा फुटला, ज्याला फेटा बांधायचे. आत काळ्या दगडाची कमळाची कळी निघाली. इतकी सुबक की दादा छिन्नी थांबवून पाहतच राहिला. मग समोरची बाजू उघडी झाली. वर सूर्य, वर चंद्र. चंद्राची कोर नखासारखी पातळ. त्याखाली काहीतरी दात असलेलं.

"त्रिशूळ हाये," दादा म्हणाला. घामानं निथळत होता, पण चेहरा फुलला होता. "बाबांचं त्रिशूळ!"

मी पुढं झाले. "एवढ्या दाताईचं त्रिशूळ कोन्या देवाचं हाये गा दादा?"

आत्यानं मान वाकडी करून पाहिलं. तिला अलीकडं कमी दिसतं. पण ती लगेच म्हणाली, "फनी हाये थे."

"फनी कायची?"

"केसं इचरायची फनी, बाबू. दुसरी कायची असते? अन् थ्याच्या बाजूनं पाह्य, करंडा हाये. कुकवाचा."

दादानं हातानं चुना झाडला. फणी होती. दोन्हीकडून दात असलेली, जशी जुन्या बायकांकडं असायची. शेजारी झाकणाचा करंडा. त्याखाली लहानसा आरसा. मग दादा हळूच ओट्यावर बसला, छिन्नी मांडीवर ठेवली, अन् म्हणाला, "मंजे आपून बाईले फेटा बांधून राहिलो होतो?"

आत्याला हसू फुटलं. आधी पदरात, मग पदरात मावेना. "अन् चिलीम पाजली रे तुमी तिले! इतके साल बिचारीले धूर खाऊ घातला!" मलाही आवरेना. फाटकाशी मिस्त्री उठून उभा राहिला, काय झालं म्हणून. आम्ही सुना-लेकी इतकी वर्षं नाकापर्यंत पदर ओढून जिच्यासमोरून गेलो, ती आतून फणी अन् करंडा घेऊन बसली होती!

हसता हसता आत्या ओट्यावर चढली. मी पाहिलं, दादानंही पाहिलं. तो बसल्या जागी जरा सरकला. तिनं तांब्यातलं पाणी कळीभोवती ओतलं अन् पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाई," ती मला म्हणाली, "वर ये."

मी चढले. जिथं चढल्याबद्दल कान पिरगाळला होता तिथं मी माझ्या पन्नाशीत पुन्हा उभी राहिले. कळीच्या दोन्ही अंगांना पावलं होती. दोन जोड्या. एक फाटकाच्या बाजूला, एक महादेवाच्या बाजूला. फाटकाच्या बाजूच्या जोडीची बोटं फाटकाकडं होती. आमच्या अख्ख्या जागेत बाहेर जाणारं पाऊल मी दुसरं पाहिलेलं नाही. अन् त्या पावलांच्या बोटांत जोडवी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, तरी प्रत्येकावर बारीक वेढे कोरलेले. दुसऱ्या जोडीची बोटं महादेवाकडं. आत येणारी. तिच्या बोटांत काहीच नव्हतं.

मला समजायला जरा वेळ लागला. आत्याला नाही लागला. तिनं जोडव्यांवरून बोट फिरवलं, मग कळीला वळसा घालून दुसऱ्या, उघड्या बोटांवरून फिरवलं. जोडवी घालून गेली होती. जोडवी काढून आली होती. आमच्या घरची लेक होती ती.

कोणी घडवलं असेल ते? कोण्या माणसानं काळ्या दगडात, एक अक्षर न लिहिता, एका बाईचं जाणं अन् येणं असं ठेवून दिलं असेल? अन् कोणी सांगितलं असेल त्याला, की जाणारी पावलंही कोर, ती लपवू नको? पाऊस, ऊन, अन् इतक्या लोकांनी इतक्या प्रेमानं थापलेला चुना, सगळं खाऊन ते वेढे जसेच्या तसे होते. मी देवळं पाहिली आहेत, मोठमोठी. पण माझे हात आपोआप जोडले गेले ते त्या ओट्यावर.

आत्या त्या दगडाशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं. "तू पन आल्ती का, बाई? तुले पन आनून सोडलं का?"

दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "कोनी पाहुनी असन आत्या." त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता.

आत्यानं वळून त्याच्याकडं पाहिलं. ती रागावलेली नव्हती. "पाहुनीले कोनी मधात बसवते का रे बाबू?" ती म्हणाली. "अन् हे साऱ्यात जुनी हाये ना? मंग हे आली तवा इथं कोनीच नोतं. हे पयले बसली. बाकीचे सारे इच्या आजूबाजूनं येऊन बसले."

मी चहूकडं पाहिलं. आजोबा, बैलजोडीसह. शंखवाले. स्टेअरिंगवाले काका. सगळे तिच्याभोवती, जशी पोरं आत्याभोवती बसायची, संध्याकाळी, अंगणात. मला रडूच आलं. मी लपवलंही नाही.

दादा खाली उतरला. मिस्त्रीला टाईल्स घरी परत न्यायला सांगितल्या. मग फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ बागेच्या बांधावर बसून राहिला. मी मागं जाणार होते, चार गोष्टी सुनवायला, पण आत्यानं माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. त्याले इचार करू दे." संध्याकाळच्या बसनं मी पांढुर्ण्याला परत आले. दादानं हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

अक्षयतृतीयेला गेले तर समाधीला शेंदूर नव्हता, फेटा नव्हता, चिलीम नव्हती. दगड धुऊन तेलाचा हात दिला होता, अन् फणीपाशी कोणीतरी मोगऱ्याचा गजरा ठेवला होता. कोणी ते विचारलं तर सुना एकमेकींकडं बोट दाखवत होत्या. घरी घागर भरली, पन्हं झालं, जेवणं झाली. म्हातारे पाय धुऊन अंगणात आले. आत्या आली नाही. तिनं त्या वर्षी पाय धुतलेच नव्हते. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाय लुगड्यात ओढून घेऊन, भांडी आवरायचं नाटक करत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. बाहेर दादाचा आवाज येत होता, मापं चालली होती. मग तो आवाज थांबला.

दादा दारात आला. एका हातात पुठ्ठा, एका हातात कोळसा. म्हणाला, "आत्या, काहून बसली? पाय धू ना."

"कायले?"

"चाल ना आत्या."

मीच पाणी ओतलं तिच्या पायांवर. टाचांना भेगा होत्या, त्या घासायला तिनं मला वेळच दिला नाही. अंगणात सगळे उभे होते. दादानं पुठ्ठा असा ठेवला की तिचं तोंड बाहेरच्या दाराकडं झालं. आत्यानं त्याच्या डोक्याचा आधार घेतला अन् उभी राहिली. तो मातीत गुडघे टेकून रेघ ओढायला लागला.

"गुदगुल्या होऊन राहिल्या ना रे!"

"हालू नको आत्या."

दोन्ही पावलं काढून झाली. मग त्यानं अंगठ्याशेजारच्या बोटावर कोळशानं बारीक वेढे काढले. दोन्ही पायांना. आत्या वाकून बघत होती. तिच्या पायांत जोडवी आम्ही कोणीच कधी पाहिली नव्हती. आम्ही जन्मलोच नव्हतो तेव्हा.

दादानं नाक पुसलं, गालाला काळं लागलं. दुसरा पुठ्ठा पहिल्याच्या मागं ठेवला. म्हणाला, "आता फिर आत्या."

ती फिरली. आता तिचं तोंड घराकडं होतं. पुठ्ठा पावलाभर पुढं होता. ती तशीच थांबली.

"ये ना," दादा म्हणाला. "आत ये."

आत्यानं लुगडं जरा वर धरलं अन् उजवा पाय पुठ्ठ्यावर ठेवला.